वारीच्या चित्रपुस्तकासाठी जलरंगाचा कागद कोणता घ्यावा?

सिन्नरफाटा

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, इंदिरानगरात राहते. कमर्शियल आर्ट केलं आणि त्यानंतर इतकी वर्षं सगळं काम टॅबलेटवर. आता एका लहान प्रकाशकाकडून मुलांचं चित्रपुस्तक मिळालंय. त्र्यंबकेश्वरहून ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी निघते, तिच्याबरोबर आजीचा हात धरून चाललेल्या एका मुलीची गोष्ट. प्रकाशकांची अट एकच: चित्रं हाताने आणि जलरंगातच हवीत.

पुस्तक चौकोनी आहे, साडेआठ बाय साडेआठ इंच, ३२ पानं. त्यात जोडपानावर पसरलेली १४ चित्रं.

माझं घोडं कागदापाशी अडलंय. कॉलेजात केंट पेपर आणि आयव्हरी शीट यापलीकडे आमची उडी गेली नाही. म्हणून मेन रोडच्या आसपासच्या एका दुकानातून '३०० जीएसएम वॉटरकलर' म्हणून सुटे ताव आणले. हाताला चांगले जाडजूड. ब्रह्मगिरीवर पाऊस उतरतोय असं आभाळ करायला घेतलं, तर रंग जिथे टेकवला तिथेच टीपकागदासारखा आत शोषला गेला. पसरेना, उचलता येईना, वर मध्येच गडद ठिपके. मग एक पॅड आणलं. त्यावर आभाळ झकास उतरलं, पण सुकल्यावर दुसरा थर दिला की खालचा रंग सुटून वर यायचा आणि सगळं मळकट व्हायचं.

मला एकाच चित्रात दोन्ही हवंय: मागे पावसाळी ओलं आभाळ आणि पुढे दिंडीची गर्दी, त्यात नखाएवढे चेहरे, टाळ, पताका, डोक्यावर तुळशीवृंदावन. रेघा वॉटरप्रूफ पेनने काढायचा विचार आहे. हॉट प्रेस (गुळगुळीत) घेऊ की कोल्ड प्रेस (थोडा दाणेदार)? शंभर टक्के कापसाचा कागद खरंच लागतो, की ते आपलं फॅड आहे? मानधन बेताचं आहे, तेव्हा जरा सांभाळून सांगा.

पंचवटी_स्केचेस

ताई, मी अजून शिकतोय, त्यामुळे माझं म्हणणं स्वस्तातलं. पंचवीस टक्के कापूसवाला ३०० जीएसएमचा पॅड घ्या, आमचा अख्खा वर्ग तोच वापरतो. पूर्ण कापसाच्या एका तावाच्या पैशात आख्खा पॅड येतो. आणि महाग कागदावर हात आखडतो, हा माझा अनुभव. ब्रश टेकवायलाच भीती वाटते.

खडूफळा

मी पंचवटीत राहतो. शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दोन्ही कागदांना काय झालं हे कळल्याशिवाय तिसरा घेऊन उपयोग नाही.

पहिला, ठिपकेवाला. कागद जाड असणं वेगळं आणि जलरंगाचा असणं वेगळं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस. २२ बाय ३० इंचांचा ३०० जीएसएमचा ताव साधारण १२८ ग्रॅम भरतो. त्या वजनात कसला लगदा आहे आणि त्याला खळ कशी दिली आहे, हे आकड्यावरून समजत नाही. रंग कागदावर थांबतो तो या खळीमुळे, म्हणजे साइझिंगमुळे. काही कागदांत ती लगद्यातच मिसळतात, काहींना वरूनही देतात. दमटपणात ती हळूहळू निकामी होते. तुमचे ताव एक-दोन पावसाळे कुठल्या तरी माळ्यावर काढून आले असावेत, किंवा त्यांना खळ मुळातच नावापुरती असेल. खात्री करायची तर रुंद ब्रशने नुसतं स्वच्छ पाणी फिरवा आणि ताव उजेडाकडे तिरका धरा. खळ गेलेल्या जागी पाणी लगेच आत जातं आणि तिथे गडद डाग दिसतात. हे ताव टाकून देऊ नका. पोस्टर कलर आणि पेस्टलला उत्तम. जलरंगाला नाही.

दुसरं तुमचं पॅड. त्याचा काही दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे. ते लाकडाच्या लगद्याचं असणार. तिथे रंग वरवर बसतो. म्हणून तो झळझळीत दिसतो, ओल्या ब्रशने सहज उचलला जातो, आणि म्हणूनच दुसरा थर देताना खालचा उठतो. एका दमात चित्र संपवणाऱ्याला हा कागद पुरतो. तुम्ही आभाळावर डोंगर, डोंगरावर झाडी, झाडीवर माणसं असे थर चढवणार. तिथे कापूसच लागतो. कापसाचे तंतू पाणी धरून ठेवतात, रंग त्यांच्यात मुरतो, आणि नीट सुकला की वरून तीन-चार पातळ थर खुशाल द्या.

आणखी एक, हे नाशिकसाठी. एप्रिल-मेमध्ये इथली हवा अशी कोरडी की आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, खाली आणेपर्यंत वरची कड सुकते आणि तिथे रेघ पडते. कापसावर थोडा जास्त वेळ मिळतो. तोच थोडा वेळ आभाळाला हवा असतो. पंखा बंद ठेवा हे सांगायला नको.

आता पैसे. पंचवटी_स्केचेस म्हणतो ते सरावापुरतं बरोबर आहे. पण हिशेब मांडू. तुमचं जोडपान १७ बाय साडेआठ इंच, वर चारी बाजूंनी छपाईसाठी ३ मिलिमीटर जास्त. ए३ पॅडची लांबी साडेसोळा इंच, म्हणजे ते आधीच बाद. २२ बाय ३०चा पूर्ण ताव घ्या, ३० इंचांच्या बाजूने त्याच्या दहा-दहा इंचांच्या तीन पट्ट्या करा. प्रत्येक पट्टी २२ बाय १०, एका पट्टीत एक जोडपान, टेपला जागा सोडूनही ऐसपैस. १४ चित्रांना पाच ताव, त्यातही एक पट्टी शिल्लक. चाचणीला आणि बिघडणाऱ्या चित्रांना आणखी तीन धरा. आठ ताव झाले. अख्ख्या पुस्तकाला आठ ताव! हा खर्च प्रकाशकाला वेगळा लावून मागा, लाजू नका. छपाईचा कागद ते तुमच्या मानधनातून घेत नाहीत ना?

पृष्ठभागाचं बोलू. रफ, म्हणजे खडबडीत दाण्याचा, तुमच्या कामाचा नाही. नखाएवढ्या चेहऱ्यावर डोळा काढायला गेलात की दाण्याच्या खळग्यात रेघ तुटते. हॉट प्रेस गुळगुळीत, रेघ सरळ धावते, पण ओल्या कागदावर ओला रंग देताना पाणी त्याच्यावर तळी करून राहतं आणि सुकताना वेड्यावाकड्या कडा फुटतात. कोल्ड प्रेस मधला. पण सगळ्यांचा कोल्ड प्रेस सारखा नसतो. आर्श कंपनीच्या कागदाचा दाणा ठसठशीत, फाब्रियानो आर्टिस्टिकोचा मवाळ. सगळ्यात मोठी चूक लोक करतात ती अशी, की कागदाची चाचणी रंगाच्या चौकोनांवर घेतात. चौकोन कुठल्याही बऱ्या कागदावर छान येतो. तुम्ही १४ चित्रांपैकी सगळ्यात अवघड चित्र निवडा, त्याचा तळहाताएवढा तुकडा, आभाळ आणि गर्दी दोन्ही येईल असा, आणि तोच तुकडा हॉट प्रेस आणि कोल्ड प्रेस दोन्हींवर पूर्ण करून बघा. रेघेसकट, मास्किंग फ्लुइडसकट (जागा कोरी राखायला लावतात आणि नंतर सोलून काढतात ते), टेप काढण्यासकट.

कागद ठरला की सगळे ताव एकदम, एकाच लॉटचे घ्या. अर्ध्यात संपला आणि पुढचा लॉट जरा वेगळा निघाला, तर पुस्तकाच्या सातव्या पानापासून आभाळाचा पोत बदललेला दिसतो. मुलांना कळत नाही असं समजू नका, पोरं फार बारीक बघतात.

रामकुंड_सकाळी

चित्रकार शिवाजी तुपे यांच्या गावात हॉट प्रेसची चर्चा! जलरंगाची सगळी मजा दाण्यात आहे. कोरडा ब्रश फिरवला की घाटाच्या पायऱ्या आपोआप उमटतात, नदीवरचं ऊन आपोआप पडतं. रफ घ्या, मोठा ब्रश घ्या आणि चेहरे कशाला काढायचे? दोन ठिपके दिले की माणूस होतो.

खडूफळा

घाटावर उभा राहून चित्र करायचं तर मीही रफच उचलीन. पण या मुलीच्या चेहऱ्यावर गोष्ट उभी आहे. ती दमली, हरवली, आजी सापडली, हे दोन ठिपक्यांत सात वर्षांच्या वाचकाला कसं सांगणार? शिवाय हे चित्र भिंतीवर लागणार नाही, स्कॅनरखाली जाणार आहे.

अंबड_प्रीप्रेस

स्कॅनरचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचं काम छपाईआधी चित्रं स्कॅन करून तयार करायचं. आमच्याकडे चित्रकार कागद निवडून, रंगवून, फ्रेम करायच्या तयारीने मूळ चित्रं आणतात, आणि मग आम्ही डोक्याला हात लावतो.

सिन्नरफाटा, पहिली गोष्ट. १७ इंचांचं चित्र ए३ स्कॅनरच्या काचेवर मावत नाही. दोन भागांत स्कॅन करून जोडता येतं, पण वॉशच्या मधोमध जोड लपवणं कटकटीचं. त्यापेक्षा चित्र ९० टक्के आकारात काढा. ब्लीडसकट (सरांनी सांगितलेले ते कडेचे जादा ३ मिलिमीटर) साधारण साडेपंधरा बाय आठ इंच होईल, एका स्कॅनमध्ये बसेल. ४०० डीपीआयला स्कॅन केलं तर मोठं केल्यावरही छपाईला ३६० उरतात, भरपूर झाले. सरांच्या पट्ट्यांचा हिशेब तोच राहील.

दुसरी, दाणा. फ्लॅटबेडचा, म्हणजे काचेवर कागद ठेवायच्या स्कॅनरचा, दिवा एका बाजूने उजेड टाकतो, त्यामुळे प्रत्येक दाण्याची सावली पडते. चित्रात डोळ्याला न जाणवणारा दाणा स्कॅनमध्ये करड्या ठिपक्यांनी भरून येतो, आणि मोकळ्या आभाळात तर नक्कीच. उपाय असा की एकदा स्कॅन करायचं, चित्र काचेवर अर्धं गोल (१८० अंश) फिरवून पुन्हा स्कॅन करायचं, मग दुसरं सरळ करून दोन्ही फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून वरच्या लेयरची ओपॅसिटी ५० टक्के करायची. सावल्या बऱ्याच मरतात. कोल्ड प्रेस चालेल, रफवर हे करत बसाल तर १४ चित्रांत महिना जाईल.

तिसरी, फुगलेला कागद. घरगुती पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात. काचेपासून कागद जरा उचलला गेला की तेवढा भाग धूसर. जुने जाड सीसीडी स्कॅनर हे बरंच सांभाळून घेतात. म्हणून कागद सपाट हवा. ३०० जीएसएमसुद्धा भरपूर पाण्यावर फुगतो. ६४०चा फुगत नाही, पण तो घेऊच नका, दुपटीहून जास्त कागद आणि तेवढेच जास्त पैसे, त्यापेक्षा कागद ताणून घ्या.

चौथी, कागदाचा पांढरा. काही कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते निळसर पांढरे दिसतात. काही मुळातच सायीच्या रंगाचे. दोन्ही चालतात, पण सगळ्या चित्रांना एकच हवा. जिथे पान कोरं सोडलंय तिथे व्हाइट पॉइंट (स्कॅनमध्ये पूर्ण पांढरं कशाला धरायचं ते) नीट लावून घ्या, नाहीतर छापताना कोऱ्या जागेत बारीक ठिपक्यांचा मळकट पडदा येतो आणि शिव्या प्रेसला बसतात.

जाता जाता: झळझळीत गुलाबी आणि जांभळट निळा चार रंगांच्या छपाईत मरतो. पताकांचा भगवा त्यामानाने बरा येतो. आणि मुलीचा चेहरा जोडपानाच्या मधल्या घडीत टाकू नका.

सिन्नरफाटा

सगळ्यांचे आभार, विशेषतः पट्ट्यांच्या हिशेबाबद्दल. मी उगाच ताव मोजायलाच घाबरत होते. प्रकाशकांना कागदाचा खर्च वेगळा लावला आणि त्यांनी लगेच हो म्हटलं!

पण नवीन पेच. पुस्तकाच्या लेखिका माळकरी आहेत. कुठेतरी त्यांनी वाचलं की चांगल्या जलरंगाच्या कागदाला जिलेटिनची खळ असते, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याची. त्यांचा फोन आला: "वारीचं पुस्तक आहे हो, एवढं बघाल का?" मला त्यात वावगं काही वाटलं नाही. पण कुठला कागद कसा, हे कळणार कसं?

आणि बाहेरचा कागदच का घ्यायचा, आपला देशी हातकागद का नको, हेही त्यांनीच विचारलं.

खडूफळा

तुमच्या लेखिकाबाई बरोबर वाचतात. आर्शला जिलेटिन असतं, सॉन्डर्स वॉटरफर्डलाही. आर्शचा ताव भिजवला की एक वास येतो, तो त्याचाच. आर्शची गिरणी फ्रान्समधली, १४९२ सालापासूनची, पद्धतही तशीच जुनी. फाब्रियानो आर्टिस्टिको आणि कॅन्सन हेरिटेज या दोघांत मात्र जनावराचं काही नाही, आणि दोन्ही शंभर टक्के कापसाचे आहेत. तेव्हा बाईंचं मन राखून कागदात तडजोड करावी लागणार नाही. फक्त एक आधीच सांगून ठेवतो. त्या ब्रशचंही विचारतील. सेबल म्हणजे प्राण्याचे केस. सिंथेटिक ब्रश आता चांगले मिळतात, तेच घ्या. काही परदेशी रंगांत मध असतो, तो माळेला चालतो की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

देशी कागदाबद्दल. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबाद ही कागदाची जुनी ठिकाणं, पेशवाईतल्या दफ्तरांत तो कागद पाहायला मिळतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची. हातकागद मला मनापासून आवडतो, माझी बरीच निसर्गचित्रं त्यावरच आहेत. पण प्रत्येक तावाची जाडी आणि खळ थोडी वेगळी, आणि एकट्या चित्रात त्याची गंमत असते. तुम्हाला १४ चित्रं एका सुरात हवीत. तिथे साच्याच्या यंत्रावर केलेला, एका लॉटचा कागद बरा. हातकागद मुखपृष्ठाला वापरा. ते चित्र स्वतंत्रच असतं आणि जरा वेगळा पोत तिथे शोभून दिसेल.

पंचवटी_स्केचेस

सर, ताणायचं कसं ते लिहा ना. कॉलेजात सांगितलं होतं, पण आमच्याकडे कोणी करत नाही.

खडूफळा

पट्टी टबात पाच मिनिटं भिजवायची. जाड प्लायवर उचलून ठेवायची, जादा पाणी निथळू द्यायचं, कापडाने कडा टिपायच्या. पाणी लावून चिकटणारी खाकी कागदी टेप चारही कडांना, निम्मी कागदावर, निम्मी प्लायवर. प्लास्टिकची पॅकिंग टेप नव्हे, ती ओल्याला धरतच नाही. आडवं ठेवून रात्रभर सुकू द्या. उभं ठेवलं तर पाणी एका कडेला साठतं आणि तिथली टेप सुटते. हेअर ड्रायर मारू नका. सकाळी कागद घट्ट ताणलेला असेल, त्यावर कितीही पाणी घाला, फुगला तरी सुकताना परत ताणला जातो. पूर्ण चित्र झाल्यावरच कापून काढायचा. म्हणूनच मी २२ इंचांची पट्टी पूर्ण ठेवायला सांगितली, टेपखाली दोन्ही टोकं जातात.

प्लाय दोन-तीन ठेवा. एकावर चित्र चालू असताना दुसऱ्यावर कागद ताणत राहतो.

सिन्नरफाटा

चाचणी झाली. फाब्रियानो आर्टिस्टिकोचा एक ताव हॉट प्रेस आणि एक कोल्ड प्रेस मागवला. सगळ्यात अवघड चित्र म्हणजे रात्री मुक्कामाला आलेली दिंडी, वर पाऊस, खाली कंदिलांचा उजेड. त्याचाच तुकडा दोन्हींवर केला.

हॉट प्रेसवर चेहरे अगदी मनासारखे. पेन सरकन चाललं. पण आभाळात प्रत्येक वेळी कडा फुटल्या. कोल्ड प्रेसवर आभाळ पहिल्याच खेपेला जमलं, कंदिलाभोवतीचा पिवळा मऊ पसरला, तीन थर दिले तरी खालचं हललं नाही. पेन मात्र नाकाच्या रेघेवर अडखळत होतं. मग पेन बाजूला ठेवलं आणि चेहऱ्याच्या रेघा शून्य नंबरच्या ब्रशने गडद तपकिरीत काढल्या. आता पुस्तक कोल्ड प्रेसवर आणि सगळ्या रेघा ब्रशच्या. खरं सांगायचं तर ब्रशची रेघ आजीच्या सुरकुत्यांना जास्त शोभते.

मास्किंग फ्लुइड पताकांच्या दांड्यांना लावलं होतं, तास-दोन तासांत काढलं, कागदाचा कपचा निघाला नाही. दुसऱ्या तुकड्यावर रात्रभर राहिलं तेव्हा मात्र निघताना वरचा थर ओढला गेला.

आठ ताव मागवलेत, एका लॉटचे, तसं लेखी विचारून घेतलंय. लेखिकाबाई खूश. मधाचं त्या त्यांच्या महाराजांना विचारणार आहेत.

आता प्रश्न साठवणीचा. काम दसऱ्यापर्यंत चालेल, म्हणजे सगळा पावसाळा मध्ये. आमच्या घराची पश्चिमेची भिंत दरवर्षी ओल धरते.

अंबड_प्रीप्रेस

त्या भिंतीपासून लांब. माळ्यावर नाही, पलंगाखाली फरशीवर नाही. आम्ही सँपलचे ताव मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या, तोंड टेपने बंद. लागेल तेवढीच पट्टी काढायची आणि पिशवी लगेच बंद करायची. गुंडाळी करून ठेवू नका.

खडूफळा

सिलिका जेल रंग बदलणारं घ्या, रंग बदलला की ओल धरली असं समजायचं, तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतं. झालेली चित्रंही त्याच पिशवीत ठेवू नका, ती वेगळी, मध्ये साधा पांढरा कागद घालून. आणि प्रत्येक पट्टी ताणण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा एक हात फिरवून बघा, खळ शाबूत आहे ना. श्रावणात मी तेवढं न चुकता बघतो.

पंचवटी_स्केचेस

ताई, ते पहिले ठिपकेवाले ताव अजून असतील तर मला द्याल का? पोस्टर कलरचं सबमिशन आहे. इंदिरानगरला येऊन घेऊन जाईन.

सिन्नरफाटा

सगळे घेऊन जा. शनिवारी दुपारी ये, आणि येताना प्लाय कापून देणारं दुकान माहीत असेल तर त्याचा पत्ता आण. १२ बाय २४चे तीन तुकडे हवेत.